पट्टा आपला, पत कंपनीची



"जमीन विकायची नाही, नुसती भाड्यानं द्यायची. सातबारा तुमच्याच नावावर राहणार, घरबसल्या पैसे येणार." हे बोलणं आता पाड्यापाड्यात ऐकू येऊ लागलंय. आठवड्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात कुणीतरी येतो आणि हेच सांगून जातो. त्याला बळ आलंय ते सरकारच्या घोषणेमुळं. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत सांगितलं की, आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खासगी माणसाला किंवा कंपनीला थेट भाडेपट्ट्यानं देता यावी असा कायदा सरकार आणणार. त्यासाठी मंत्रालयाचे हेलपाटे नकोत, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच काम होईल. भाडं वर्षाला एकरी किमान ५०,००० रुपये, हेक्टरी १,२५,००० रुपये. जमिनीत खनिज निघालं तर त्याचे टनामागे वेगळे पैसे.

ही घोषणा ऐकून काही घरांत आनंद झाला. तो खोटा नाही. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. एका एकराचे ५०,००० म्हणजे १६० दिवसांची मजुरी, आणि ती न राबता. वरकस जमिनीत नाचणी-वरई करून एवढा पैसा कुणाच्या हाती लागत नाही. दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या घराला हा आकडा मोठाच वाटणार. म्हणून "पैशाला भुलू नका" असा नुसता उपदेश आम्ही करत नाही. आकडा मोठा आहे हे धरूनच पुढचा प्रश्न विचारू या. कंपनी हा पैसा आणते कुठून? आणि तो आणायला आपल्या पट्ट्याचा तिला काय उपयोग होतो?

कंपनी पैसा कसा उभा करते

आपल्याला वाटतं कंपनी म्हणजे पैशाची रास. तसं नसतं. कंपनीचा स्वतःचा पैसा थोडा असतो. बाकीचा बँकेचा, वित्त कंपन्यांचा आणि शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या लोकांचा. तो मिळवायला तिला काहीतरी तारण दाखवावं लागतं. पूर्वी तारण म्हणजे स्वतःची जमीन, इमारत, यंत्रं. आता त्यात दुसऱ्याच्या जमिनीचा भाडेपट्टा आणि पुढं येणारं भाडं हेही आलं. यातल्या तीन रीती समजून घेऊ.

पहिली रीत, विकत घ्यायचं नाही, भाड्यानं घ्यायचं. यात नवल नाही. आपणही मळणीयंत्र, ट्रॅक्टर भाड्यानं आणतो. कंपन्या याच्याही पुढं जातात. असलेली इमारत किंवा यंत्र विकायचं, पैसा मोकळा करायचा आणि तीच वस्तू भाड्यानं वापरायची. इंडिगो ही विमान कंपनी अशीच वाढली. विमानं घ्यायची, भाड्यानं देणाऱ्या कंपनीला विकायची आणि तीच उडवायची. धंद्याच्या हिशेबात हे शहाणपणाचं आहे.

पण आपल्या लोकांना ही रीत नवी नाही. आपल्या पणजोबाची जमीन सावकाराकडं गेली आणि त्याच जमिनीत तो खंडानं राबू लागला, तेव्हा कागदावर हेच झालं होतं. आपलंच शेत, आपणच कूळ. फरक एवढाच की कंपनी हे आपल्या मनानं करते, आणि आपल्या वाडवडिलांवर ते भुकेनं आणि मूठभर दाण्याच्या कर्जानं लादलं. डहाणू-उंबरगावात १९४५ साली वारली वेठीविरुद्ध उठले, शहाद्यात १९७२ च्या सुमारास भिल्ल आदिवासी गेलेल्या जमिनींसाठी उठले, त्यामागं हा सगळा अनुभव होता.

दुसरी रीत, पट्टाच गहाण टाकायचा. हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ चा आहे. त्याच्या १०८ व्या कलमात असं आहे की, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर भाडेकरू आपला पट्टा दुसऱ्याला देऊ शकतो, पोटभाड्यानं देऊ शकतो आणि गहाणही टाकू शकतो. म्हणजे करार जर या बाबतीत गप्प असेल तर तो गप्प राहणं कंपनीच्या फायद्याचं असतं. एमआयडीसी कारखान्यांना ९५ वर्षांच्या पट्ट्यानं जमीन देते. जमीन एमआयडीसीची असते, पण तिची संमती घेऊन त्या पट्ट्यावर कारखानदार बँकेचं कर्ज काढतो. मालक एक, आणि जमिनीच्या जोरावर पत दुसऱ्याची.

तिसरी रीत, भाड्याचे तुकडे करून बाजारात विकायचे. एका मोठ्या इमारतीचं, किंवा शंभर इमारतींचं, पुढच्या अनेक वर्षांचं भाडं एकत्र करायचं. त्याचा एक ट्रस्ट करायचा. ट्रस्टचे छोटे छोटे हिस्से शेअर बाजारात विकायचे. यासाठी सेबीनं २०१४ मध्ये नियम केले. २०२० मध्ये माइंडस्पेस नावाच्या ट्रस्टनं असे हिस्से विकून ४,५०० कोटी रुपये उभे केले. त्यात नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या इमारतीही आहेत. ती जमीन एमआयडीसीच्या पट्ट्याची, आणि त्या पट्टीतली मूळ गावं आगरी-कोळ्यांची. टोलचे रस्ते, विजेच्या वाहिन्या, सौर प्रकल्प यांचेही असे ट्रस्ट आता बाजारात आहेत.

आता हे आपल्या शेताला लावून पाहा. हेक्टरी सव्वा लाख हा दर सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतही आहे. समजा एखाद्या कंपनीनं दहा गावांतून पाचशे एकराचे तीस वर्षांचे पट्टे गोळा केले. कंपनी सरकारशी वीज विकायचा करार करते. पट्टे आणि तो करार बँकेपुढं ठेवते. त्यावर कर्ज घेते. पुढं सगळा प्रकल्पच ट्रस्टला विकून मोकळी होते. आपल्याला एकरी ५०,००० मिळतील. पण पट्टा घेणारी कंपनी, कर्ज देणारी बँक आणि शेवटी हिस्से घेणारे लोक हे तिघे वेगळे. पाचव्या वर्षी भाडं थकलं तर आपण दार कुणाचं ठोठावायचं? ज्याच्यापुढं अंगठा केला तो तर केव्हाच निघून गेलेला असेल.

कंपनी बुडाली तर

धंद्यात चढउतार असतात, कंपन्या बुडतातही. त्या वेळी पट्टा दिलेल्या मालकाचं काय होतं, हे मोटारसायकलवाला सांगत नाही.

बँकांसाठी २००२ साली एक कायदा झाला. इंग्रजी अक्षरं जोडून त्याला सरफेसी म्हणतात. कर्ज थकलं की बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन लिलाव करते. याच कायद्याच्या ३१ व्या कलमात शेतजमिनीला सूट आहे. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागत नाही. ही सूट शेतकऱ्याला मोठी आडोसा आहे. पण ती कागदावर नाही, वापरावर चालते. गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलानं २०१० साली १५० कोटींचं कर्ज काढलं आणि ते थकलं. हॉटेलच्या जमिनीतला काही भाग महसूल दप्तरात शेतीचा होता, म्हणून लिलाव होऊ नये असं मालक म्हणाले. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. दप्तरात शेती लिहिली म्हणून जमीन शेतीची होत नाही, तिचा वापर बघायला हवा, असं कोर्टानं म्हटलं. मग ज्या शेतात नांगर थांबला आणि काचेच्या पाट्या उभ्या राहिल्या, त्या शेताला तो आडोसा राहील का? बँक आपली मालकी विकू शकणार नाही हे खरं. पण कंपनीच्या हातातली पट्ट्याची उरलेली पंचवीस वर्षं विकायला ती धडपडणार. तेव्हा आपल्या बांधावर कोण येऊन उभा राहील हे आपल्याला विचारलं जाणार नाही.

दुसरा कायदा दिवाळखोरीचा, २०१६ चा. कंपनीची दिवाळखोरी दाखल झाली की सगळ्या वसुल्यांवर स्थगिती येते. त्याचं १४ वं कलम असं आहे की, कंपनीच्या ताब्यात दुसऱ्याची मालमत्ता असेल तर मूळ मालकालाही ती स्थगिती असेपर्यंत परत घेता येत नाही. मुंबईत गोरेगावची पत्राचाळ सगळ्यांनी ऐकली असेल. जमीन म्हाडाची, म्हणजे सरकारच्या मंडळाची. २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला. ६७२ कुटुंबं घरं सोडून बाहेर पडली. २०१७ मध्ये बँकेच्या अर्जावरून बिल्डर कंपनीची दिवाळखोरी सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये म्हाडानं करार रद्द करून आपली जमीन परत मागितली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, स्थगिती असेपर्यंत ती परत घेता येणार नाही. म्हाडाकडं वकील आहेत, अधिकारी आहेत, सरकारचा शिक्का आहे. तिची ही गत. मग पाड्यावरच्या विधवा बाईची काय होईल?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेली. तिची पन्नासच्या वर विमानं भाड्याची होती. भाड्यानं देणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपली विमानं परत नेता येईनात. त्यांनी आरडाओरड केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की विमानांना आणि हेलिकॉप्टरांना ही स्थगिती लागणार नाही. पाच महिन्यांत सूट मिळाली. शेताच्या मालकासाठी अशी सूट कुणी काढलेली नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याला तर आदिवासी जमिनीचा वेगळा कायदा आहे. आहे ना. पण मग आपला कायदा वरचढ की दिवाळखोरीचा, हे कोर्टात ठरवावं लागेल. मुंबई-दिल्लीचे हेलपाटे कोण घालणार, आणि तोवर शेत कुणाच्या ताब्यात?

आपलं कुंपण

आपला कायदा काय आहे तो पाठ करून ठेवू. १९७४ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ३६-अ कलम आलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांतल्या कुठल्याही रीतीनं परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. बाकी सगळ्याला राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. शिवाय त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कुणी आदिवासी तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे. त्याच काळात दुसरा कायदा झाला, त्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट मोकळी झाली. हे दोन्ही कायदे कुणी दयेनं दिलेले नाहीत. ते लढून मिळालेले आहेत.

बघा, कायदा करणाऱ्यांनी विक्रीबरोबर गहाण आणि भाडेपट्टा हे दोन शब्दही घातले. कारण जमिनी बहुतेक वेळा विकून गेल्याच नव्हत्या. आधी गहाण, मग खंड, मग सावकाराची वहिवाट, अशा पायऱ्यांनी त्या गेल्या. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं समता खटल्याच्या निकालात आंध्र प्रदेशच्या अनुसूचित क्षेत्राबद्दल हेच सांगितलं. तिथल्या कायद्याप्रमाणं खासगी खाण कंपनीला पट्टा देणं हेही जमीन हस्तांतरच, आणि तसे पट्टे सरकारनं दिले तरी ते रद्द.

वनहक्काच्या जमिनीची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या ४ थ्या कलमात लिहिलंय की, हा हक्क वारसानं मुलांना जाईल, पण तो दुसऱ्याला देता येणार नाही. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांचं नाव लागेल. म्हणजे वनपट्ट्याचा भाडेपट्टा होऊच शकत नाही. पट्टा हा शब्द दोन्हीकडं आहे म्हणून गोंधळून जाऊ नका. वनपट्टा म्हणजे आपला हक्क. भाडेपट्टा म्हणजे आपला हक्क दुसऱ्याच्या हाती.

काही शिकलेले लोक म्हणतात, या कायद्यामुळंच आदिवासी मागं राहिला, त्याच्या जमिनीला बाजारात पत नाही. शेतीसाठी सोसायटीचं, बँकेचं कर्ज वेळेवर मिळत नाही ही आपली तक्रार खरीच आहे, आणि तिच्यासाठी आपण भांडतोच. पण पट्ट्याचा कायदा झाल्यानं पत वाढणार ती आपली नाही. आपल्या जमिनीवर कर्ज कंपनी काढणार, नफा तिचा, आणि बुडलं तर धोका आपल्या बांधावर. पत त्यांची आणि तारण आपलं, हा व्यवहार आपल्याला नको.

मग आपण पैसा उभा करायचाच नाही का? करायचा. पण जमिनीवर जे पिकतं ते विकून, जमीन गुंतवून नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून गावानं ग्रामसभेच्या परवान्यावर आपला बांबू विकला. पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला, कामाची मजुरी गावातच राहिली, आणि जंगल जिथल्या तिथं आहे. त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. यात भांडणं होतात, हिशेब चुकतात, ठेकेदार पैसे थकवतो. पण ठेकेदारानं एका हंगामाचे पैसे थकवले तरी पुढच्या हंगामात पान आपलंच असतं. तीस वर्षांचा पट्टा एकदा अडकला तर पुढचा हंगाम आपला नसतो.

आता काय करायचं

आपली मागणी साधी आहे. ३६-अ ची मंजुरी ढिली करणारा कुठलाही कायदा नको. सरकारला आदिवासीच्या हातात एकरी ५०,००० यावे असं खरंच वाटत असेल तर बंधारे बांधावेत, विहिरींना वीज द्यावी, प्रलंबित वनदावे मंजूर करावेत. सौर पंप कंपनीच्या शेतात लागण्याआधी आपल्या शेतात लागू द्या.

तोवर गावागावांत हे पाळू या.

१. कुठल्याही कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा नाही. मुखत्यारपत्र तर मुळीच नाही. मुखत्यारपत्र म्हणजे आपला अंगठा दुसऱ्याच्या खिशात.

२. विसार, "खर्चापाणी" म्हणून हजार-पाचशे घ्यायचे नाहीत. सावकाराची पहिली पायरी हीच होती.

३. कुणी करार आणला तर त्याची मराठी प्रत मागा. ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. वाचायला नकार दिला तर तिथंच गोष्ट संपली.

४. विचारा: पट्टा गहाण टाकायचा, पोटभाड्यानं द्यायचा, दुसऱ्या कंपनीला द्यायचा हक्क कंपनीला आहे का? "गहाण टाकता येणार नाही" असं करारात स्पष्ट लिहिलंय का?

५. विचारा: सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद होणार? बोजा कुणाच्या नावाचा? भाडं किती महिने थकलं की पट्टा आपोआप रद्द? दरवर्षी भाडं किती वाढणार?

६. विचारा: मुदत संपल्यावर काँक्रीटचे खांब कोण काढणार? विहीर, मोहाची झाडं, गुरांची वाट, स्मशानाची वाट यांचं काय?

७. खातं सामाईक असेल तर भावाबरोबर बहिणीची, वहिनीची, विधवा काकूचीही संमती लागते. घरातल्या एका पुरुषानं सही केली म्हणून सगळ्यांची झाली असं होत नाही.

८. आधीच कुणी सही केली असेल तर लाजू नका, लपवू नका. कागद घेऊन संघटनेकडं या. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कायद्यात टिकत नाही, आणि जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. जितक्या लवकर याल तितकं सोपं.

सही केलेल्या माणसाला गावात वाळीत टाकू नका. पोराच्या दवाखान्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी त्यानं ते केलं असेल. अशा घराला ग्रामसभेच्या पैशातून बिनव्याजी उसने मिळाले असते तर तो अंगठा उठलाच नसता. म्हणून ज्या गावात बांबू-तेंदूचा पैसा येतो तिथं अडचणीचा एक वेगळा डबा ठेवायचा ठराव करा. दलाल येतो तो घरातली अडचण हेरून. अडचणीला गाव उभं राहिलं की दलालाला दार सापडत नाही.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पान पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि ज्या पाड्यावर बुलेटिन पोचत नाही तिथं जाऊन सांगावं. ठराव झाला की त्याची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि एक आपल्याकडं पाठवावी.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या तारणाची!